मधला पापुद्रा

हे लिहायचं नाही असंच जवळजवळ ठरलं होतं. दोनदा फाईल उघडली, चार ओळी टाइप केल्या आणि पुसून टाकल्या. शिवणकामात चूक झाली की उसवायची आणि परत शिवायची, तिचा इतिहास कशाला लिहायचा, असं मला वाटायचं. पण ही चूक उसवता येण्यातली नाही. म्हणून लिहितोय. आठवेल तसं.

मी जॅकेटं दुरुस्त करतो. साधी नाही, डोंगरात आणि पावसावाऱ्यात जाणारे लोक घालतात ती. तंबू आणि पाठीवरच्या पिशव्याही येतात. दुकान आत्याचं. खिडकीशी तिचं मशीन, त्यावर ती तीस वर्षं कपडे शिवतेय. मागच्या भिंतीला माझं टेबल. टेबलावर छोटी इस्त्री, टेपची रिळं, सिलिकॉनच्या नळ्या, आणि कापून उघडलेल्या जुन्या जॅकेटांचे तुकडे. हे काम मला कोणी शिकवलं नाही. लोकांनी टाकून दिलेली जॅकेटं ब्लेडनं फाडून आत काय आहे ते बघत बघत शिकलो.

आत काय असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अशा कापडाला तीन थर असतात. बाहेर जाड कापड, आत मऊ अस्तर, आणि मध्ये एक पापुद्रा. कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये असतो ना, तसा पातळ. सगळी करामत त्याची. बाहेरचं पाणी तो आत येऊ देत नाही आणि आतल्या घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. म्हणून माणूस पावसातही कोरडा आणि चढावरही कोरडा. म्हणजे बऱ्यापैकी कोरडा. लोक म्हणतात हे कापड श्वास घेतं.

आत्याला मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तिनं चष्म्याच्या वरून बघितलं. "श्वास घेतं? मग त्याला सर्दीही होत असेल." तेव्हापासून जॅकेट आलं की ती विचारते, पेशंटला ताप किती आहे. तिचं ऐकून जिराफ मला डॉक्टर म्हणायला लागला.

जिराफ माझा मित्र. शाळेपासूनचा. उंचीमुळं नाव पडलं, आता त्याची बायकोसुद्धा फोनवर तेच म्हणते. दुकानाच्या दारातून वाकून यावं लागतं त्याला, आणि दर चार वेळांतून एकदा तो विसरतो.

त्याचं काम वाऱ्याचं आहे. म्हणजे डोंगराच्या धारेवर वारा मोजायचे सात मनोरे आहेत, त्यांची देखभाल. पंधरा किलोची पिशवी पाठीवर घेऊन तीन तास चढायचं. मग मनोऱ्यावर चढून स्वतःला दोरानं अडकवून घ्यायचं आणि तासभर वर बसून वायरी बदलायच्या, वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या साफ करायच्या. खाली दोर धरायला नाना असतो. नाना म्हणजे त्याचा जोडीदार, पन्नाशीला टेकलेला, गुडघे दुखतात हे रोज सकाळी जाहीर करणारा. जिराफ नऊ वर्षं हे करतोय. चार नंबरच्या मनोऱ्याबद्दल तो असं बोलतो जसं कोणी सासऱ्याबद्दल बोलावं. ऐकत नाही, पण मान द्यावाच लागतो.

तर तो एक दिवस जॅकेट घेऊन आला. म्हणाला खांद्यातून आणि पाठीतून गळतंय, वर पोचेपर्यंत आतून ओला होतो.

मी जॅकेट उलटं करून बघितलं. शिवणींवरच्या टेप धड होत्या. पापुद्रा कुठं सुटलेला दिसला नाही. बाहेरून पाणी शिंपडलं तेव्हा थेंब घरंगळले नाहीत, कापडात शिरले आणि कापड काळं पडलं.

इथंच मला थांबायला हवं होतं. बाहेरचं कापड असं पाणी पिऊन बसलं की आतल्या वाफेची वाट बंद होते. घाम आतच साठतो आणि माणसाला वाटतं पाऊस आत आला. अशा जॅकेटला गळती नसतेच. ते मळलेलं असतं. नीट धुवायचं, पाणी झटकणारा फवारा मारायचा आणि गरम हवेत वाळवायचं. बस. आज मला हे झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. तेव्हा मला अर्धंच माहीत होतं, पण तोरा पूर्ण होता.

त्या आठवड्यात मी तीन तंबूंची गळती काढली होती. सिलिकॉन पातळ करून ब्रशनं फासायचं, वाळलं की पाण्याचा बापसुद्धा आत येत नाही. हात त्याच कामाला बसला होता. तेच पातेलं, तोच ब्रश. जिराफच्या जॅकेटला आतून पाठ, खांदे आणि दंडापर्यंत बाह्या, सगळीकडे दोन हात मारले. एकसारखे. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तंबूला श्वास घ्यायचा नसतो. त्याला खिडक्या असतात. हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आमच्याकडं दुरुस्त झालेल्या जॅकेटच्या दोन परीक्षा होतात. पहिली पाण्याची. कापडाची झोळी करायची, तीत तांब्याभर पाणी ओतायचं, खाली कोरडा कागद ठेवायचा आणि तासाभरानं कागद बघायचा. दुसरी वाफेची. गरम पाण्याच्या पेल्यावर कापड ताणून बसवायचं, रबर लावायचं आणि वर आरसा धरायचा. आरसा धुरकटला तर कापड पास. ही दुसरी परीक्षा माझी स्वतःची. मीच शोधून काढली होती आणि आत्याला मोठ्या रुबाबात करून दाखवली होती.

जिराफच्या जॅकेटची दुसरी परीक्षा मी घेतली नाही. घाई होती असंही नाही. झोळीतलं पाणी इतकं झकास थांबलं होतं की पुढं काही बघावंसं वाटलं नाही.

वर आणखी शहाणपणा म्हणजे तो न्यायला आला तेव्हा मी त्याला जॅकेट घालून दुकानाबाहेर उभं केलं, स्वतः स्टुलावर चढलो आणि अख्खी बादली त्याच्या खांद्यावर रिकामी केली. समोरचा सायकलवाला काम टाकून बघायला आला. जिराफनं गळ्यातून आत हात घालून बघितलं आणि कोरडा हात सगळ्यांना दाखवला. आत्या तोंडात टाचण्या धरून हसत होती. माझी मान दिवसभर ताठ होती.

दीड महिना गेला.

गुरुवारी दुपारी तो आला. दाराशी नीट वाकून आला, तेव्हाच मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. हातात पिशवी, पिशवीत जॅकेट, घडी घालून. स्टुलावर बसला आणि सांगायला लागला. आवाज असा की दुसऱ्याच कुणाचं तरी सांगतोय.

तीन चढाया झाल्या होत्या. पहिलीला चढतानाच घामानं निथळला. वाटलं, बऱ्याच दिवसांनी चढतोय. दुसरीला तसाच भिजला, वर मनोऱ्यावर बसला, वारा लागला आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. हातातला पाना सुटला. खाली नानाच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. तिसऱ्या वेळी बोटं इतकी बधिरली की दोराची कडी उघडता येईना. वर नुसता बसून राहिला. शेवटी नाना त्या गुडघ्यांनिशी वर चढला आणि लहान मुलाला जिन्यावरून उतरवावं तसा त्याला उतरवून घेऊन आला.

मग डॉक्टर झाले. खरे. रक्त तपासलं, छाती तपासली, काही निघालं नाही. ऑफिसात नानानं सांगितलं की पोरात आता दम राहिला नाही. चिडून नव्हे, काळजीनंच. साहेबांनी बोलावून घेतलं. स्टोअरमध्ये जागा आहे, सामान द्यायचं-घ्यायचं काम, सोमवारी बदलीच्या पत्रावर सही कर म्हणाले.

"जॅकेट एक नंबर आहे, डॉक्टर," जिराफ म्हणाला. "आधी मला वाटायचं गळतंय म्हणून भिजतो. आता एक थेंब आत येत नाही, तरी भिजतो. म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय. हे तू ठेव. कुणा चालणाऱ्याला दे."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, चहा घेणार का.

नको म्हणाला आणि गेला.

बराच वेळ मी त्या पिशवीला हात लावला नाही. मग किटली चढवली. पेल्यात गरम पाणी ओतलं. मनगटाजवळ जिथं सिलिकॉन लागलं नव्हतं ती बाजू पेल्यावर ताणली, आरसा धरला. एवढं मळलेलं कापड, तरी हळूहळू धुरकटला. मग पाठीचा भाग लावला. आरशात माझं तोंड दिसत होतं. मिनिट झालं, दोन झाली. तोंड स्पष्टच.

मशीनचा आवाज थांबला होता. आत्या कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं आरसा माझ्या हातातून घेतला, बोटानं पुसून बघितला. बोट कोरडं.

तिनं विचारलं, देताना वाफेवर धरलं होतंस का. मी नाही म्हणालो. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. जा, त्याला सांग, एवढंच म्हणाली.

मी वाद घातला. खरं सांगतो, चांगला वाद घातला. म्हटलं, मी त्याला गुपचूप दुसरं जॅकेट देतो, म्हणतो नवीन आलंय, घालून बघ. तो बरा होईल, विषय संपेल. गावभर कशाला? एकदा हे बाहेर गेलं की माझ्याकडं कोण जॅकेट देईल?

आत्यानं आरसा खिळ्याला अडकवला. "दुसरं जॅकेट घालून तो चढणार कुठं, स्टोअरच्या माळ्यावर? तो काय टाकून देऊन गेलाय इथं, कळलं का तुला?"

मी शुक्रवारी गेलो नाही. शुक्रवारी मी टेबल आवरलं, रिळं रंगाप्रमाणे लावली, एका पिशवीची चेन बदलली जी आणखी वर्षभर चालली असती.

शनिवारी संध्याकाळी गेलो. चौथा मजला, दोन खोल्या. दार वहिनीनं उघडलं आणि म्हणाली, बरं झालं आलात भाऊजी, जरा हसवा याला. तो आत बूट पुसत होता. चढाईचे बूट. कोणाला तरी द्यायचे म्हणून पुसत होता.

वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मला वाटलं ती रडेल. पण ती खूश होती. म्हणाली, त्याला वाईट वाटतंय ते कळतं मला, पण नऊ वर्षं मी सकाळी उठल्याबरोबर खिडकीतून डोंगर बघते. ढग दिसला की हातातलं काम सुचत नाही. आता तो पाचला घरी असेल. पाचला, भाऊजी.

मी फक्त एका माणसाला सांगायचं म्हणून तयारी करून आलो होतो. हिचं मी मनात धरलंच नव्हतं. क्षणभर वाटलं, सगळ्यांचं बरंच चाललंय की. स्टोअरमध्ये पान्याखाली कोणी मरत नाही.

चहा घेऊन बाहेर आलो. जिराफ बुटाची नाडी काढत होता, एकेका भोकातून, सावकाश. ते बघवेना.

"तुझ्यात काही बिघडलेलं नाही," मी म्हणालो. "मी बिघडवलंय. तुझ्या जॅकेटला मी तंबूचं सिलिकॉन फासलं. वाफ बाहेर जायची वाटच बुजवली. तू स्वतःच्या घामात बुडून वर पोचत होतास आणि मग वाऱ्यात गारठत होतास. मला तपासायला हवं होतं. तपासलं नाही."

नाडी त्याच्या हातातच राहिली. पहिल्यांदा वहिनी बोलली. ती मला नाही, स्वतःलाच म्हणाली असावी. "म्हणजे हा परत वर जाणार."

जिराफ म्हणाला, परत सांग. मी परत सांगितलं, या वेळी सगळं. कुठं कुठं फासलं, किती हात, आरसा, पेला. तो ऐकत राहिला आणि शेवटी मान हलवली. त्याला पटलं नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून गोष्ट रचलीस, म्हणाला. शाळेत काच मी फोडली आणि शिक्षा तू घेतलीस, तसलाच प्रकार.

खरं बोलायला एवढा जोर लावला आणि समोरचा म्हणतो, तू फार चांगला आहेस.

मग म्हटलं, उद्या सकाळी खाणीच्या टेकडीवर चल. पंधरा-पंधरा किलो पाठीवर. तू माझं जॅकेट घाल, मी तुझं घालतो.

माझं जॅकेट साधंच आहे, जुनं, पण धुतलेलं आणि फवारा मारलेलं. जिराफनं घातलं तेव्हा बाह्या कोपराच्या जरा पुढं संपल्या. त्याचं माझ्या मांड्यांपर्यंत आलं. वहिनी दारातून बघत होती, एवढ्या सगळ्यात तिला हसू आलं. म्हणाली, सर्कशीला निघालात का दोघं.

टेकडी दीड तासाची आहे, पण सरळ अंगावर येते. पहिली वीस मिनिटं मला काहीच वाटलं नाही. मग मानेखालून एक धार निघाली आणि पाठीच्या कण्यावरून खाली गेली. मग धारा मोजायचं सोडून दिलं. बनियन अंगाला चिकटला. बाह्या आतून निसरड्या झाल्या, कोपर वाकवला की गरम पाणी मनगटाकडे यायचं. हे मी माझ्या हातांनी, दोन हात मारून, एकसारखं केलं होतं. जिराफ पुढं चालला होता. तोही घामेजला होता, पण मधून मधून थांबून पाठीला हात लावून बघायचा, दुकानात कापड बघतात तसा.

वर पोचलो. खाणीच्या कडेला लोखंडी कठडा आहे, तिथं वारा सरळ येतो. जिराफनं घड्याळ लावलं. वीस मिनिटं, म्हणाला, हलायचं नाही. मनोऱ्यावर हलता येत नाही.

सातव्या मिनिटाला माझी हनुवटी उडायला लागली. बाराव्याला मी हात काखेत घातले, त्यानं बाहेर काढायला लावले. वीस झाल्यावर त्यानं पिशवीतून चहाचा थर्मास काढून माझ्याकडं दिला. उघड, म्हणाला.

मला झाकण फिरवता येईना. बोटं दिसत होती, पण ती माझी नव्हती. दोन्ही तळहातांत धरून बघितलं, गुडघ्यात धरून बघितलं. थर्मास सटकून दगडावरून घरंगळला. त्यानं तो उचलला, एका हातानं झाकण फिरवलं आणि उघडलं.

मग तो स्वतःच्या हाताकडं बघत बसला. मूठ मिटायचा, उघडायचा. त्यानं झाकणात चहा ओतला आणि माझ्या तोंडाला लावला, कारण मला धरता येत नव्हता. ते जॅकेट काढायला लावलं, त्याच्या पिशवीतला कोरडा स्वेटर माझ्या डोक्यातून घातला. त्याचं बारीक लक्ष असतं अशा गोष्टींवर.

"दीड महिना मी या अंगाला शिव्या घालतोय," तो म्हणाला. "त्या सगळ्या तुझ्या होत्या."

घाल की आता, मी म्हटलं. त्यानं घातल्या. इथं लिहीत नाही. वाऱ्यात बऱ्याचशा उडून गेल्या, पण ज्या ऐकू आल्या त्या बरोबर होत्या. मग जे खरं होतं ते बोलला. नाना दोर सोडून वर चढला होता, खाली कोणी नव्हतं. नानाचा पाय सटकला असता तर. एवढंच बोलला, वाक्य पूर्ण केलं नाही. मी मान खाली घातली. ते सिलिकॉन आता निघत नाही, जॅकेट कायमचं गेलं, हेही त्याला सांगून टाकलं. जॅकेटचं काय घेऊन बसलास, म्हणाला.

उतरायला लागण्याआधी त्यानं उद्याचा विषय काढला. आज रविवार. उद्या साहेब पत्र समोर ठेवणार. मी काय सांगू, म्हणाला, मित्रानं सिलिकॉन लावलं होतं? सगळ्यांना वाटेल काम सोडवत नाही म्हणून सबबी सांगतोय. नाना तर डोळ्यांनी बघून आलाय.

वहिनीचं काय, मी विचारलं. ती म्हणेल ते ऐकीन, तो म्हणाला, पण मी थकलो म्हणून स्टोअरमध्ये जायचं आणि तिनं सांगितलं म्हणून जायचं, यात फरक आहे ना. ते आमचं आम्ही बघू. तो तिच्याशी आज बोलणार होता.

मग मी त्याला शब्द दिला. नऊच्या आधी तुझ्या ऑफिसच्या दारात असेन. दोन्ही जॅकेटं, पेला, किटली आणि आरसा घेऊन. साहेबांसमोर आणि नानासमोर. काय फासलं, कुठं फासलं, कोणती परीक्षा घेतली नाही, सगळं मी बोलणार, तू मध्ये पडायचं नाही. तोवर सही करायची नाही.

"नाना हात उचलेल तुझ्यावर," जिराफ म्हणाला.

"उचलू दे. मी येतो."

दात अजून वाजत होते, त्याला नीट ऐकू गेलं नसावं. म्हणून परत म्हटलं, येतो.